साध्या धाग्यातला हिरवा उजेड

मंडळी, आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. तीसेक वर्षं मी कॉलेजात फिजिक्स शिकवलं. इथले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांची उत्तरं मला वाचता वाचताच सापडतात. सैल तावदान, अर्धवट झोप, जेवणानंतर लगेच आडवं होणं... रागावू नका, मास्तरकीची खोड आहे. घरात कोणी भुताचं नाव काढलं की मी टॉर्च घेऊन उठते आणि दिवा लावून परत येते. तर अशा बाईने इथे का लिहावं? कारण एका दुपारचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि ज्या माणसाबाबत ते घडलं तो खोटं बोलणारा नव्हता.

१९८८ सालची गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीत एका कॉलेजात नवीनच लागले होते. कॉलेज कातळावर, मागच्या अंगाला उभं राहिलं की समुद्राची पट्टी दिसायची. माझे धाकटे काका मुंबईच्या एका प्रयोगशाळेत प्रकाशावर काम करायचे. रिटायर झाले आणि रत्नागिरीला आमच्याकडे राहायला आले. लग्न केलेलं नव्हतं. सोबत चार कपडे, ढीगभर पुस्तकं आणि एक लेसर.

लेसर भंगारात निघालेला. काकांनी स्वतःच कधीकाळी बांधलेला, म्हणून साहेबांच्या मागे लागून तो मागून घेतला. मुंबईला आंबा उतरवून परत येणाऱ्या ट्रकमध्ये, रिकाम्या पेट्यांच्या मधे पेंढ्यात गुंडाळून तो रत्नागिरीला आला. कॉलेजने आम्हाला प्रयोगशाळेमागची एक खोली आणि तिला लागून असलेली स्टोअररूम वापरायला दिली.

आता काकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावरच सगळं आहे. काकांना एकच डोळा होता. म्हणजे डोळे दोन, पण लहानपणी उजव्यावर विटी बसली आणि त्यात फूल पडलं. पांढरट ठिपका दिसायचा. त्या डोळ्याला दिसणं सोडाच, उजेड आहे की अंधार हेही कळत नसे. आम्ही भावंडं लहानपणी त्यांच्या नकळत उजव्या बाजूने बॅटरी मारून बघायचो, पापणीसुद्धा हलत नसे. आणि हा माणूस जन्मभर प्रकाशाच्या मागे! कोणी कीव केली की म्हणायचे, "मायक्रोस्कोपला नळी एकच असते, दुसरा डोळा फुकट जातो."

त्या एका डोळ्याला मात्र ते फार जपत. बारीक काही बघायचं असलं की त्यांची एक पद्धत ठरलेली होती. डावा डोळा मिटायचा, बोटाच्या पेराने हळूच चोळायचा, मिटलेल्या डोळ्यानेच वाकून भिंगापाशी तोंड न्यायचं, आणि जागेवर पोचल्यावर डोळा उघडायचा. "आधी विश्रांती, मग काम," म्हणायचे. माझी आई हसायची, देवाला नमस्कार करतायत असं वाटतं म्हणायची.

काकांना एकच ध्यास होता. लेसरमधून जो प्रकाश यायचा तो इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला अजिबात न दिसणारा. काही ठरावीक स्फटिकांतून हा प्रकाश पाठवला तर त्यातला थोडा हिस्सा बदलतो आणि हिरवा होऊन बाहेर पडतो. काचेतून मात्र असं होत नाही. स्फटिकात कणांची रांग एका बाजूला कललेली असू शकते. काचेत कण कसेही पसरलेले, त्यांना उजवं-डावं नाही, त्यामुळे काच हे काम करू शकत नाही असं आम्ही पोरांना फळ्यावर सिद्ध करून दाखवायचो. आणि दोनेक वर्षांपूर्वी परदेशात कोणाला तरी दिसलं, की केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, हा न दिसणारा प्रकाश तासन् तास सोडत राहिलं तर धागा आपण होऊन हिरवा प्रकाश द्यायला लागतो. आधी काहीच नाही, मग अंधुक, मग वाढत जातो. का, ते तेव्हा कोणालाच धड सांगता येत नव्हतं.

"काच शिकते गो शोभा," काका म्हणायचे. "प्रकाशच तिला शिकवतो. हे मला मरायच्या आधी बघायचंय. ह्या डोळ्याने, रत्नागिरीत."

त्यासाठी धागा खास लागतो, गाभ्यात जर्मेनियम मिसळलेला. तो काकांनी ओळखीतून थोडासा मिळवला होता आणि जिवापलीकडे जपून ठेवला होता. सरावासाठी दुसरं एक रीळ होतं, साध्या धाग्याचं. गाभ्यात निव्वळ शुद्ध काच, जर्मेनियमचा कणही नाही. लेसर नीट जुळवेपर्यंत हा साधा धागा वापरायचा, कारण दर वेळी टोक कापावं लागतं आणि धागा वाया जातो. साध्या धाग्यातून हिरवं निघण्याचा प्रश्नच नव्हता. हे लक्षात ठेवा.

लेसर आला त्या दिवशी भिकाजी नारळ घेऊन हजर. भिकाजी आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई. पन्नाशीचा, जवळच्याच गावचा, अंगाने काटकुळा आणि बोलायला फटकळ. नवीन मशीन आलं की जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला नारळ द्यायचा, ही आमच्याकडची रीत. काका म्हणाले, "फोड बाबा, पण खोबरं मला दे."

भिकाजीने स्टोअररूमच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, जागेच्या मालका, आज ह्या तुज्या लेकरांनी हितं नवीन मशीन आणलान हाय. तेच्यातला उजेड दिसत नाय म्हंतात. जो दिसत नाय तो लय वंगाळ. तर हितं काम करनाऱ्याच्या डोळ्यांना काय इजा होऊ देऊ नको रे म्हाराजा." गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. पण तिथे उरलेले दोघे म्हणजे काका आणि मी. काका भिंतीला टेकून हसत होते आणि मी पदराने तोंड दाबून. शेवटी भिकाजीनेच आमच्याकडे रागाने बघून स्वतःच्या गाऱ्हाण्याला स्वतःच "व्हय म्हाराजा" म्हटलं.

मांडणी अशी होती. लेसर आणि त्याला गार ठेवणारा पाण्याचा पंप स्टोअररूममध्ये. भिंतीला एक भोक पाडलेलं, त्यातून धागा आमच्या खोलीत यायचा आणि त्याचं टोक टेबलावर एका क्लॅम्पमध्ये बसवलेलं असायचं, समोर प्रकाश मोजायचा मीटर. लेसर चालू असला की पलीकडून टक टक टक असा बारीक आवाज यायचा. दोघांनी इन्फ्रारेड अडवणारे गॉगल लावायचे, हा काकांचा कडक नियम. न दिसणारा प्रकाश डोळ्यात गेला तर कळत नाही, दुखतही नाही. डोळ्याचा मागचा पडदा जळतो, आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुमचं-माझं तसं झालं तर दुसरा डोळा उरतो. काकांच्या बाबतीत सगळा खेळच संपला असता.

मेची सुट्टी चालू होती. कॉलेजात आम्ही तिघं, आणि बाहेर नवीन इमारतीचे गवंडी चिरे तासत बसलेले. दिवसभर त्यांची ठाकठूक. आणि लाईट! त्या उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नसे. गेली की पंखा, ट्यूब, मीटर, लेसर, पंप, सगळं एकदम बंद. मग काका गॉगल काढायचे, खिडकीवरचा काळा पडदा सारायचे आणि आम्ही गप्पा मारत वाट बघायचो. पंखा थांबला म्हणजे लेसर थांबला, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यावर विचार करायचं कारणच नव्हतं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर आम्ही साधा धागा लावून बसलो होतो. सकाळीच नवीन तुकडा घेतला होता. मीटरचा काटा जेमतेम हलत होता. काका वैतागले होते, टोक नीट कापलं गेलं नसणार असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात पंखा मंदावला आणि थांबला. ट्यूब गेली. मीटरचा काटा शून्यावर.

"गेली," काका म्हणाले. "बरं झालं. तेवढ्यात टोक बघून घेतो."

गॉगल काढून त्यांनी टोकासमोरचा मीटर बाजूला केला आणि पडदा सारला. दुपारचं लख्ख ऊन टेबलावर आलं.

"थांबा, मी पलीकडे जाऊन स्विच बंद करून येते," मी म्हटलं. लाईट अचानक आली तर भानगड नको म्हणून मी नेहमीच तसं करायचे.

"अगो, पंख्याकडे बघ. मुडदा पडलाय त्याचा. तू येईस्तोवर माझं बघून होईल."

मी ऐकलं नाही, उठलेच. दारापर्यंत पोचले आणि सहज मागे वळून बघितलं. काकांनी खिशातून भिंग काढलं होतं. डावा डोळा मिटून, पेराने चोळून, ते नेहमीसारखे वाकत होते. उजवा डोळा उघडा होता, पण तो काय, असून नसल्यासारखा. धाग्याच्या टोकापासून त्यांचं तोंड हातभर असेल.

आणि मला त्यांच्या उजव्या गालावर हिरवा ठिपका दिसला.

नीट ऐका. भर दुपारी, खिडकीतून ऊन आत येत असताना, स्पष्ट दिसला. लावणीआधीचा भाताचा तरवा असतो ना, तो जसा हिरवा असतो, तसा. काका वाकत गेले तसा तो गालावरून वर सरकला आणि उजव्या डोळ्यावर आला. त्या पांढरट फुलावर. मी ओरडणार, तोंड उघडलं होतं, पण त्याच्या आधी काका झटका बसल्यासारखे मागे झाले. भिंग हातातून पडलं. त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. डावा अजून मिटलेलाच होता.

"शोभा, कोणी आरसा मारला काय?"

"नाही काका. कोणी नाही."

"मग हिरवं कसलं आलं?"

हिरवा ठिपका आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर होता. मी बघत असताना तो विझला. आणि नेमके तेव्हाच बाहेरचे गवंडी चहाला थांबले असावेत, ठाकठूक बंद झाली. त्या शांततेत भिंतीपलीकडून ऐकू आलं. टक टक टक टक.

"डोळा उघडू नका!" मी किंचाळले आणि पळाले. स्टोअररूमचं दार ढकललं तर आत पंप घुरघुरत होता, लेसर व्यवस्थित चालू होता. मी स्विच बंद केला.

परत आले तर काका भिंतीकडे तोंड करून, दोन्ही डोळे मिटून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे उभे. "बंद केलास?" म्हणाले. हो म्हटलं, तेव्हा डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं. "दिसतंय गो," एवढंच म्हणाले. मी खुर्चीत बसून रडले. लाज कसली, रडूच आलं.

त्याच वेळी भिकाजी किटली घेऊन आत आला, चेहरा फुललेला. "काय सर, लाईट गेली तरी मशीन चालू हाय ना? तुमचा पंप रोज बंद पडतो म्हनून सकाळीच त्या खोलीचा फेज बदलून ठेवला. ह्या फेजला व्होल्टेज नव्हता. आता मागची खोली बंद पडायची नाय."

रत्नागिरीत त्या काळी हे सर्रास चालायचं. विजेच्या तीन तारांपैकी एका फेजला दम नसला की फ्यूज उचलून दुसऱ्या फेजवर टाकायचा. गेली होती ती आमच्या खोलीची एकच फेज. बिचाऱ्याने आमचं भलं व्हावं म्हणूनच केलं होतं. मी काय झालं ते सांगितलं तेव्हा त्याने किटली खाली ठेवली आणि तिथेच फरशीवर बसला. "माज्या हातून सरांचा डोळा..." काका म्हणाले, "भिकाजी, डोळा आहे जागेवर. चहा ओत, गार होतोय." आमच्या दोघांपेक्षा त्यांचाच आवाज स्थिर होता.

मी शिकलेली बाई. घाबरणं आटोपल्यावर मी कामाला लागले. लाईट आल्यावर गॉगल लावून धाग्याच्या टोकासमोर मीटर धरला. सकाळी काटा जेमतेम हलत होता, आता तो पार टोकाला गेला. उकाड्याने पलीकडचा स्टँड हलून लेसर आपोआप जुळला असेल, एवढं मी समजू शकते. काकांनी भिंगातून डोळा उघडला असता तर तो सगळा प्रकाश सरळ आत गेला असता. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

पण हिरवं? आम्ही तोच धागा, त्याच जागी, तसाच ठेवला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, सुट्टी संपेपर्यंत. लेसर कमी करून, जास्त करून, पडदे लावून, खोली पूर्ण काळोखी करून. हिरव्याचा मागमूस नाही. कसा असेल? साधा धागा. त्यातून अंधारात दिसेल एवढंही निघायला नको, तिथे आम्ही तो भर उन्हात बघितला होता. खिडकीतून परावर्तन आलं म्हणावं, तर ठिपका काका वाकले तसा त्यांच्या चेहऱ्यावर सरकला, म्हणजे तो धाग्याच्याच टोकातून येत होता. तो कोन मी शंभर वेळा कागदावर काढला आहे.

आणि दुसरी गोष्ट. काकांचा डावा डोळा मिटलेला होता. मग हिरवं त्यांनी बघितलं कशाने?

मी त्यांना बळेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा डोळा ठणठणीत. डॉक्टरांनी उजव्यात बॅटरी मारली. "काही जाणवतं?" काका म्हणाले, "बॅटरीची ऊब." डॉक्टर हसले. मागची नसच मेलेली आहे, म्हणाले, ह्याला सूर्य दाखवलात तरी कळणार नाही.

भिकाजीकडे अर्थात उत्तर तयार होतं. जागेवाल्याने गाऱ्हाणं ऐकलं, आणि जो उजेड दिसत नाही तो दाखवला. ह्या उत्तराचा मला राग येतो, कारण त्यात एकही प्रश्न शिल्लक राहत नाही. माझ्या उत्तरांत सगळेच राहतात. त्याने पुन्हा नारळ आणला, उंबऱ्यावर ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. ह्या वेळी हसलं कोणी नाही. गाऱ्हाणं संपल्यावर माझ्या शेजारून हळू आवाज आला, "व्हय म्हाराजा." मी चमकून काकांकडे बघितलं.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"एकटाच बोलतो बिचारा," काका म्हणाले. "साथ दिली."

पुढे काही वर्षांनी काचेच्या धाग्यातून हिरवं कसं निघतं त्याचं स्पष्टीकरण आलं. प्रकाश स्वतःच धाग्याच्या आत बारीक पट्टे उमटवतो, आणि त्या पट्ट्यांमुळे काच ते काम करायला लागते. सुंदर गोष्ट आहे. एम.एस्सी.च्या पोरांना शिकवताना मला दर वेळी आनंद व्हायचा. पण त्याला तास लागतात, जर्मेनियम लागतं, आणि एकदा उमटलेले पट्टे असे क्षणात जात नाहीत. आमच्या धाग्याला ह्यातलं काहीच लागू पडत नाही.

काकांचा ध्यास मात्र पुरा झाला. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जर्मेनियमवाला धागा लावला आणि सकाळपासून लेसर सोडून बसलो. आता दोन्ही खोल्या एकाच फेजवर होत्या, आणि भिकाजी स्टोअररूमच्या दारात ठाण मांडून बसला होता. धाग्यासमोर पांढरा कागद लावला होता. दुपार कलायला लागली तेव्हा कागदावर काहीतरी असल्यासारखं वाटलं. मग खरंच दिसलं. अंधुक, मोहरीएवढं, पण हिरवं. काच शिकली होती.

मला वाटलं काका नाचतील. ते गॉगलमधून कितीतरी वेळ डाव्या डोळ्याने बघत राहिले. चेहऱ्यावर समाधान होतं, नाही असं नाही. मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. डावा डोळा गॉगलवरूनच तळहाताने घट्ट झाकला आणि उजवा, तो फूल पडलेला डोळा, त्या ठिपक्याकडे केला. आणि तसेच उभे राहिले. दारातून भिकाजीही बघत होता.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतला.

"नाही गो," म्हणाले. "हे ते नव्हे."

काका त्यानंतर पुष्कळ जगले, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या डाव्या डोळ्याने वाचत होते. त्या साध्या धाग्याचा तुकडा माझ्या कपाटात आहे. घरी लाईट गेली की मी आधी उठून प्रत्येक स्विच बंद करते, सून हसते, हसू दे. तुमच्यापैकी कोणी प्रकाशावर काम करत असेल तर अवश्य लिहा, मी कान देऊन ऐकेन. पण धाग्याचं उत्तर दिलंत तर त्या उजव्या डोळ्याचंही द्या. मला दोन्ही हवीत, आणि माझ्याकडे एकही नाही.